प्लेथोरा: रेलचेल की भरमार?

अनुवादक_सातारा
शेतीवरच्या एका इंग्रजी पुस्तिकेचं भाषांतर करतेय. त्यात बाजारातल्या कीटकनाशकांबद्दल ‘प्लेथोरा’ शब्द आलाय. मी ‘रेलचेल’ लिहिलं, पण खटकतंय. रेलचेल आंब्यांची असते, लग्नघरी पाहुण्यांची असते. मूळ अर्थ नेमका काय?

शब्दवेडा
मूळ ग्रीक, प्लेथोरे म्हणजे भरलेपण. आपल्या ‘पूर्ण’ आणि ‘पूर’चं प्राचीन मूळही तेच. हल्ली इंग्रजीत नुसतं ‘पुष्कळ’ म्हणूनही सर्रास वापरतात. रेलचेल चालेल.

निवृत्त सिस्टर
नाही चालणार, दादा. हा शब्द मी वॉर्डात शिकले. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात 22 वर्षं काढली. ड्यूटी घेताना आधी बाळाचा रंग बघायचा. एखादं जास्वंदीसारखं लालभडक, रडलं की जांभळट. केसपेपरवर डॉक्टर लिहायचे, ‘प्लेथोरिक’. बाहेर आजी खुशीत, “कसं लालबुंद, सुदृढ आहे!” आणि आत मी टाच टोचून रक्त घेत असायचे. टाचेतला आकडा फसवा, जास्तच येतो, म्हणून मग शिरेतलं. तिथे हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, 65 टक्क्यांच्या वर गेलं म्हणजे रक्त दाट झालं. बारीक वाहिन्यांतून ते नीट सरकत नाही, साखर उतरते, बाळ दूध ओढत नाही. फार त्रास दिसला तर थोडं थोडं रक्त काढायचं आणि तेवढंच सलाइन भरायचं. त्या आजीला हे समजावून सांगणं सगळ्यात अवघड जायचं, कारण भरलेलं म्हणजे चांगलं, हेच आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं.

इंग्रजीत सोळाव्या शतकात हा शब्द वैद्यकातूनच आला: अंगात रक्त फाजील साचण्याचा विकार. अलेक्झांड्रियाच्या इरॅसिस्ट्रॅटस या प्राचीन ग्रीक वैद्याने त्यावर उपास सांगितला होता. चारेक शतकांनी गेलेन या दुसऱ्या ग्रीक वैद्याने त्याला विरोध करून शीर कापून रक्त काढायला सांगितलं, आणि पुढे शेकडो वर्षं वैद्य गेलेनच्याच मागे गेले. किती माणसं त्यात अशक्त होऊन गेली असतील, याचा विचार करून मला अजून वाईट वाटतं.

बाई, कीटकनाशकांना ‘भरमार’ लिहा. त्यात नको इतकं झाल्याचं कळतं.

अनुवादक_सातारा
‘भरमार’ केलं, सिस्टर. पुढच्या पानावर बांधावरची झाडं राखलेल्या शेतातल्या पक्ष्यांनाही ‘प्लेथोरा’च म्हटलंय.

निवृत्त सिस्टर
तिथे ‘रेलचेल’च ठेवा.