मदत हवी आहे : उभ्या गाडीत बॅटरी उतरते, अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) संशय

गाडी २००४ ची छोटी पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी ३५ एएच (अँपिअर-तास). दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता टकटक करतो.

बॅटरी नवीनच आहे आणि दुसऱ्या गाडीत लावून खात्री केली आहे. इंजिन चालू असताना १४.१ व्होल्ट मिळतात, म्हणजे चार्जिंग होतंय. टर्मिनल आणि अर्थिंगच्या पट्ट्या घासून साफ केल्या. कोकणातल्या दमट हवेत त्यांना हिरवट थर धरतोच. सगळं बंद, दारं लावलेली, निगेटिव्हच्या वायरीत मल्टिमीटर लावला तर ०.२८ अँपिअर जातात. हे फार आहे, ०.०५ च्या आत हवेत. एकेक फ्यूज काढून पाहिला, आकडा हलला नाही. डिकीचा दिवा, स्टिरिओ, सेंट्रल लॉकही तपासले. शेवटी अल्टरनेटरची जाड वायर सोडवून टेप लावून ठेवली, तर आकडा ०.०२ वर आला! त्यामुळे गळती तिथेच आहे याबद्दल शंका नाही.

आता अडतंय ते इथे. अल्टरनेटरमधले डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जागेवरच तपासले तर स्टेटरच्या (आतल्या स्थिर भागाच्या) वेटोळ्यांमुळे सगळे एकमेकांना जोडलेले दिसतात. माझ्याकडे मल्टिमीटर आणि ६० वॅटची सोल्डरिंग गन आहे, ऑसिलोस्कोप नाही. रोज टर्मिनल काढणं किंवा कटऑफ स्विच बसवणं नको, मूळ दोषच काढायचा आहे.

स्टेटरच्या तारा न उकलता दोष रेक्टिफायर प्लेटचा (जिच्यावर हे डायोड बसवलेले असतात) की रेग्युलेटरचा (जो व्होल्टेज आवरतो), हे कसं ओळखायचं? आणि प्लेटच असेल तर तिचं सोल्डरिंग ६० वॅटवर नीट धरेल का?