संकेतस्थळाने ओळख ठेवली म्हणून ग्राहक परत येतो का?

धागालेखिका, विश्रामबाग (सांगली):
माझा भाऊ आणि मी गेली चार वर्षे तासगावचा बेदाणा आणि सांगलीची राजापुरी हळद स्वतःच्या संकेतस्थळावरून विकतो. माझे मत आधीच स्पष्ट मांडते: संकेतस्थळ ज्याची ओळख ठेवते, तो ग्राहक परत येतो. पूर्वी आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्याला आणि दहाव्यांदा येणाऱ्याला एकच पान दिसे. पुण्याच्या एक आजी दर महिन्याला अर्धा किलो हिरवा बेदाणा आणि पाव किलो हळद मागवतात. त्यांना प्रत्येक वेळी सगळी पाने चाळावी लागत, वजन निवडावे लागे, पत्ता नव्याने लिहावा लागे आणि मध्येच कंटाळून त्या फोन करत. आता पान उघडताच मागची मागणी वर दिसते आणि शेजारी ‘हेच पुन्हा पाठवा’ एवढे एकच बटण असते. त्यांचे फोन थांबले, मागणी मात्र एकदाही चुकलेली नाही. गणपती पेठेतला जुना दुकानदार आपण पिशवी पुढे करताच ‘नेहमीचेच ना?’ असे विचारतो. वैयक्तिकीकरण म्हणजे माझ्या दृष्टीने तेच, आणि छोट्या विक्रेत्यांनी त्यावर जरूर पैसे घालावेत.

मिरज:
मी सहमत नाही. दोन वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळली, तेव्हा तिच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मी एका खरेदीच्या संकेतस्थळावरून हवेची गादी घेतली. पुढे आई गेली. त्यानंतर कित्येक महिने, अगदी भाचीसाठी दप्तर पाहायला गेले तरी, पानाच्या माथ्यावर तीच गादी, तिचा पंप आणि मोठ्यांचे डायपर ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून मांडलेले असत. ते बंद कसे करायचे हे मला सापडले नाही, आणि शेवटी मी तिथे जाणेच सोडले. गणपती पेठेतल्या दुकानदाराला घरी काय घडले हे कळले असते, तर त्याने ती वस्तू माझ्यापुढे पुन्हा धरली नसती.

कुपवाड (संगणक प्रणालीचे काम करतो):
दोन्ही अनुभव खरे मानतो. माझा आक्षेप शीर्षकातल्या ‘म्हणून’ या शब्दाला आहे. मागची मागणी दिसते कोणाला? ज्याने आधी खरेदी केली आहे आणि जो आपल्या खात्यात शिरतो, त्यालाच. तो मुळातच परत येणाऱ्यांपैकी असतो. जत्रेला आलेल्यांना प्रसाद वाटायचा आणि प्रसादामुळेच जत्रा भरली असे म्हणायचे, तसे हे होते. खरे तपासायचे असेल तर जुन्या ग्राहकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत, एकाला नवी मांडणी आणि दुसऱ्याला जुनीच दाखवावी, आणि किमान तीन महिने (हळद काही आठवड्यात संपत नाही) दोन्हीकडचे किती जण परततात ते मोजावे. पैसे घालण्याबद्दलही सावध राहावे. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये आपल्या शिफारशींची अचूकता १० टक्क्यांनी वाढवणाऱ्याला १० लाख डॉलरचे बक्षीस लावले आणि २००९ मध्ये ते दिलेही. तरीही ती संपूर्ण विजेती पद्धत कंपनीने वापरात आणली नाही, कारण वाढलेल्या अचूकतेच्या मानाने ती बसवण्याचा खटाटोप फार मोठा होता.

तासगाव (बेदाणा उत्पादक):
ग्राहक मालासाठी परत येतो. मण्याला देठ राहिला किंवा पेटीत चिकट माल निघाला, तर पान कितीही ओळखीचे असो, पुन्हा कोणी फिरकत नाही. ते पैसे शेडवरच्या निवडणीवर खर्च करावेत.

धागालेखिका:
माल चांगला हवा यात वाद नाही, पण आजींना जाणारा माल आधीही हाच होता आणि तरी त्या कंटाळत होत्या. कुपवाडच्या सदस्यांची हरकत मात्र मान्य करते. आम्ही दोन गट केले नव्हते. ते आता दिवाळी उलटल्यावर करू, कारण दिवाळीत सगळेच मागवतात आणि फरक झाकला जातो.

मिरजेच्या ताईंचे वाचून वाईट वाटले. तरीही ग्राहकाने स्वतः आमच्याकडे नोंदवलेले लक्षात ठेवणे वेगळे आणि त्याने इतरत्र काय पाहिले याचा माग काढणे वेगळे, हा भेद करावाच लागेल. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्ये कुकी (संकेतस्थळ आपल्या संगणकावर ठेवते ती छोटी नोंद) तयार केली, ती ऑनलाइन दुकानातली टोपली ग्राहकाच्याच संगणकावर लक्षात राहावी या गरजेतून. तिच्या आधारे एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर पाठलाग करणे नंतर सुरू झाले, आणि २०२० पासून ॲपलच्या सफारी ब्राउझरने अशा परक्या (उघडलेल्या संकेतस्थळाच्या नसलेल्या) कुकी सरसकट अडवल्या आहेत. आम्ही फक्त टोपली सांभाळतो.

मिरज:
गादीही मी स्वतःच, त्याच संकेतस्थळावर नोंदवली होती. माझा कोणी पाठलाग केला नव्हता. त्यामुळे हा भेद मला पुरेसा वाटत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, अशी तरतूद आहे. मग ‘हेच पुन्हा पाठवा’च्या शेजारी ‘हे विसरा’ असेही बटण ठेवा, आणि तेवढ्याच आकाराचे ठेवा.

धागालेखिका:
ठेवते. मात्र त्या बटणाने एकच वस्तू पुसली जावी की मागचा सगळा हिशेब, हे सांगाल का?

मिरज:
एकच वस्तू. त्याच खात्यात आईसाठी घेतलेल्या मोठ्या अक्षरांच्या पोथीचीही नोंद आहे, आणि ती मला पुसायची नाही.