तीन महिन्यांत फक्त एक गुण? स्किमचा हिशोब कुणी समजावेल का

सी६वाला:
नमस्कार. मानेत सी६ला (मज्जारज्जूच्या मानेतल्या सहाव्या पातळीला) दुखापत, चौदा महिने झाले. तीन महिन्यांपूर्वी ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) मॅडमनी स्किम, म्हणजे मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर रोजची कामं स्वतः किती जमतात ते मोजणारा फॉर्म, भरला तेव्हा १०० पैकी ३४ होते, परवा ३५. आधी पलंगावरून खुर्चीत जाताना भाऊ काखेत हात घालून जवळपास अर्धं वजन उचलायचा. आता फळी लावून मी एकटा सरकतो. घाम फुटतो, पण जातो. त्या रकान्यात तेव्हाही १, आताही १! वाढलेला गुण जेवणाचा, कारण चमचा हाताला धरून ठेवणारा पट्टा दातांनी ओढून मीच चढवतो. फॉर्म चुकलाय का?

फिजिओताई:
फॉर्म बरोबर आहे, पायऱ्याच रुंद आहेत. पलंग ते खुर्चीला स्किम ३ मध्ये तीनच पायऱ्या: पूर्ण मदत ०, थोडी मदत किंवा देखरेख किंवा साधन १, एकट्याने २. भावाचा हात आणि तुमची फळी एकाच पायरीवर बसतात. फिम म्हणून असाच दुसरा, सगळ्या प्रकारच्या रुग्णांसाठीचा फॉर्म आहे; त्यात प्रत्येक बाबीला १ ते ७ गुण असतात, तिथे हाच बदल ३ वरून ६ असा दिसला असता. पण म्हणून फिम सरस असं मी म्हणणार नाही. त्याच्या १८ बाबींपैकी ५ बोलणं, समजणं, आठवणं अशा आहेत. मज्जारज्जूच्या रुग्णाला त्यात बहुधा पूर्ण गुण मिळतात, आणि श्वासाचा रकानाच नाही. स्किममध्ये श्वास, लघवी, शौच आणि शौचालय मिळून ४० गुण आहेत, ते उगाच नाहीत.

स्नायूंची तपासणीही विचाराल, म्हणून सांगते. त्यात एका बाजूचे १० स्नायू, प्रत्येकी ० ते ५. तुमचा आकडा तिथे कदाचित हललाच नसेल. मनगट वर उचललं की बोटं आपोआप मिटतात, ती पकड वापरायला तुम्ही शिकलात. ताकद तीच, काम नवं.

नऊ वर्षं खुर्चीत:
ताईंचं पटलं, पण गुणांचं वजन माझ्या पचनी कधीच पडलं नाही. कायमची नळी असेल तर लघवीला ०. ती काढून स्वतः ठरावीक वेळाने कॅथेटर घालता आलं आणि मधे गळती नसली की एकदम ११. आणि जमिनीवरून खुर्चीत चढणं? एक गुण. फक्त एक! त्यासाठी मी आठ महिने खांदे झिजवले. (नळी सुटल्याने आयुष्य जास्त बदललं, हे मात्र खरं.)

मी वही ठेवतो. कपडे किती मिनिटांत, फळीवर किती सरक्यांत, कुणाला हाक मारावी लागली का.

फिजिओताई:
वही उत्तमच. पण पलंगाची उंची तीच आणि वेळ तीच ठेवा. थकल्यावर घेतलेला आकडा सकाळच्या आकड्याशी ताडू नका. आणि सी६वाले दादा, फळीवर घासत जाऊ नका, उचलून सरका. बुडाची कातडी सोलली तर संवेदना नसल्याने कळणारही नाही, आणि मग महिनाभर पालथं पडून राहाल.

सी६वाला:
आज मोजलं. फळी लावण्यापासून दोन्ही पाय फूटरेस्टवर येईपर्यंत ११ मिनिटं २० सेकंद. त्यातली चार मिनिटं एकट्या उजव्या पायाने खाल्ली.