२६ नोव्हेंबरला सार्वजनिक सुट्टी हवी की नको?

मुक्ता
उद्देशिकेची शेवटची ओळ आठवा. "आज दिनांक २६ नोव्हेंबर, १९४९ रोजी" आपण हे संविधान स्वतःप्रत अर्पण केलं. २६ जानेवारीचा तिथे उल्लेखही नाही. तरी सुट्टी, झेंडावंदन, संचलन सगळं जानेवारीत, आणि नोव्हेंबरात परिपाठाला पाच मिनिटांचं वाचन. जवळपास तीन वर्षं घासून केलेलं काम ज्या दिवशी पुरं झालं, त्या दिवशी देशाने हातातलं काम थांबवायला हवं. मला सुट्टी हवी.

सह्यगिरी
साफ असहमत. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोर अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला आणि २६ जानेवारी १९३० ला गावोगावी लोकांनी प्रतिज्ञा घेतली. त्या तारखेचा मान राखायचा म्हणून तयार संविधान दोन महिने थांबवलं. प्रजासत्ताक दिन हाच संविधानाचा सण आहे. वेगळा काढलात तर जानेवारीत नुसते रणगाडे उरतील.

जुना_वकील
सगळंच थांबवलं नव्हतं. अनुच्छेद ३९४ पाहा. नागरिकत्वाचे ५ ते ९ आणि निवडणूक आयोगाचा ३२४ यांसह काही अनुच्छेद २६ नोव्हेंबरलाच अमलात आले. नागरिक कोण आणि निवडणुका कोण घेणार, एवढं आधी पक्कं केलं. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. आम्ही वकील १९७९ पासून हा दिवस विधी दिन म्हणून पाळत होतो. 'संविधान दिन' केंद्राने २०१५ साली, बाबासाहेबांच्या १२५व्या जयंती वर्षात जाहीर केला.

शाळामास्तर
सुट्टीला माझा विरोध आहे, आणि तो वर्गात उभं राहून झालेला आहे. मुक्ताताई, २६ जानेवारीला पोरं झेंड्याला येतात, कवायत होते, खाऊ घेऊन नऊला घरी. त्या दिवशी शिकवणं होतच नाही. २६ नोव्हेंबरला शाळा भरलेली असते, म्हणून मला आठवीच्या वर्गात पूर्ण तास मिळतो. मी बाबासाहेबांचं आदल्या दिवशीचं, २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण घेतो. २६ जानेवारीपासून आपण विसंगतीच्या जीवनात शिरणार आहोत, राजकारणात समता असेल पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता, असं ते सभागृहाला बजावत होते. त्यावर मुलं बोलतात. शेतावर आईला आणि बापाला वेगळी मजुरी का, हा प्रश्न एका मुलीने त्याच तासाला विचारला. शाळा बंद ठेवली असती तर तिने तो कुणाला विचारला असता?

मुक्ता
सर, तुमच्यासारखे शिक्षक किती? आणि सुट्टी म्हणजे लोक वाचत नाहीत, हे महाराष्ट्रात तरी म्हणू नका. १४ एप्रिलला सुट्टीच असते, तरी जयंतीच्या निमित्ताने मुलं सलग अठरा तास अभ्यासाला बसतात. संविधान फक्त शाळकरी मुलांचं नाही. कारखान्यात, दुकानात राबणाऱ्याने कधी वाचायचं?

शाळामास्तर
अभ्यासाची ती परंपरा एका चळवळीने पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळून उभी केली, शासकीय परिपत्रकाने नाही. आणि रोजंदारीवाल्याला सुट्टी म्हणजे बुडालेला रोज.

जुना_वकील
रोज बुडतो हे खरं. मग भरपगारी सुट्टीची मागणी करा, विरोध कशाला?

सह्यगिरी
नवी सुट्टी मागण्याआधी आहे ती वापरू. २६ जानेवारीला आपल्याकडे ग्रामसभा असते. उद्देशिका तिथे वाचा, मग गावचा जमाखर्च मांडा आणि सरपंचाला प्रश्न विचारा. संविधान कामाला लागलेलं त्याहून चांगलं कुठे दिसणार?

मुक्ता
ती ग्रामसभा कोरमअभावी किती ठिकाणी तहकूब होते, आणि बायका किती बसलेल्या असतात, तेही बघा. जानेवारी तुम्ही सुधारा, मी सोबत येते. नोव्हेंबरची मागणी मात्र सोडणार नाही.