लसूण, लोह आणि गच्चीवरचे टायर (सोसायटी ग्रुप)

बी-३०४: नमस्कार. आमच्या मजल्यावर डेंग्यूचा दुसरा पेशंट. धुरळणी कधी? कमिटीला वेळ मिळाला तर कळवावे.

सेक्रेटरी: ताई, पत्र दिलंय. थोडं सहकार्य करा 🙏

बी-३०४: सहकार्य गेल्या पावसाळ्यापासून सुरू आहे.

ए-१०१: *फॉरवर्डेड* रोज उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या खा. डास जवळ फिरकणार नाहीत. सर्वांना पाठवा.

सी-५०२: काका, डासांचं माहीत नाही, लिफ्टमध्ये माणसं नक्की फिरकणार नाहीत 😄

बी-२०१: काका, यावर २००५ मध्ये छोटा प्रयोग झालाय. त्याच माणसांना एकदा लसूण दिला, एकदा नुसती खोटी गोळी. डासांना काही फरक पडला नाही. व्हिटॅमिन बी-वनच्या गोळ्यांचंही तसंच.

ए-१०१: आमच्या लहानपणी असले प्रयोग नव्हते, डेंग्यूही नव्हता.

बी-२०१: होता काका. तपासणी नव्हती.

डी-६०३: गोड खाणाऱ्यांना जास्त चावतात ना?

बी-२०१: तसा पुरावा नाही. डास येतो तो श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि त्वचेवरच्या आम्लांच्या वासावर. पिण्याबद्दल मात्र आहे. बुर्किना फासोतल्या २०१० च्या अभ्यासात बिअर प्यायलेल्यांकडे मलेरियाचे डास जास्त ओढले गेले.

सी-५०२: 😶

डी-६०३: शनिवारची गच्चीवरची मंडळी वाचताहेत ना?

सी-४०१: विषय डासांचा आहे, वहिनी.

डी-६०३: मी कुठे दुसरं बोलले? तिथल्या रिकाम्या ग्लासांत पाणी कुणाच्या कृपेने साचतं?

बी-३०४: धुरळणी कधी???

ए-१०१: *फॉरवर्डेड* रोज उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या खा…

सी-५०२: काका, पोहोचलं. दोनदा पोहोचलं.

ए-१०२: माझं हिमोग्लोबिन कमी आहे. म्हणून मला जास्त चावतात का?

बी-२०१: चावण्याशी संबंध दिसत नाही काकू, पण प्रश्न बरोबर जागी आहे. २०१९ च्या एका प्रयोगात रक्तात लोह कमी असलं की त्या रक्तातून डासांना डेंग्यूचा विषाणू जास्त लागला. म्हणजे आपल्या खाण्याचा परिणाम असलाच तर आपल्याला चावण्यावर नाही, आपल्याकडून पुढे पसरण्यावर. अर्थात हे प्रयोगशाळेतलं. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच.

ए-१०२: बरं झालं सांगितलंस.

सी-४०१: म्हणजे दोष पेशंटच्या जेवणाचा? वा!

बी-२०१: असं कोण म्हणालं? तापाच्या माणसाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवा, एवढंच. हा डास दिवसा चावतो. पेशंटकडून विषाणू घेतो, आठ-बारा दिवसांनी दुसऱ्याला देतो.

बी-३०४: हे सगळं ठीक. धुरळणी?

बी-२०१: ताई, धुरळणीने उडणारे मरतात, पाण्यातल्या अळ्या राहतात. आठ-दहा दिवसांत नवी फौज तयार. टायर, कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासायच्या. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी असली तरी महिनोन्‌महिने टिकतात.

डी-६०३: टायर कुणाचे ते सगळ्यांना माहीत आहे. नाव घेत नाही.

सी-४०१: घ्या की. माझेच आहेत. पार्किंगमधली जागा काढून घेतलीत तेव्हा कुठे ठेवायचे होते?

सेक्रेटरी: पार्किंगचा विषय सभेत घेऊ. रविवारी दहा वाजता गच्ची साफ करायची. कोण येणार?

सी-५०२: 👍

डी-६०३: 👍

ए-१०१: गुडघे दुखतात, पण झारी घेऊन येतो.

बी-२०१: काका, झारी नको. घासणी आणा.