पेशवे दफ्तरातील गावाचे कागद दूर राहून कसे शोधावेत?

प्रश्न

आमचे घराणे तीन पिढ्यांपासून इंदूरला असले, तरी मूळ गाव पुरंदर तालुक्यातले आहे. गावच्या पाटीलकीचे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात असतील, असे आजोबा सांगत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादित केलेल्या ‘पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद’ या ४५ खंडांच्या स्कॅन प्रती मला मिळाल्या. परंतु गावाचे नाव टाकून शोधले असता काहीच हाती लागत नाही. कागदच नाहीत, की माझी शोधण्याची रीत चुकते आहे?

प्रतिसाद १

ते खंड १९३० ते १९३४ या काळातील निवड आहे, आणि त्या निवडीत राजकीय पत्रव्यवहाराला प्राधान्य होते. गावोगावचे हिशेब आणि वतनाचे बहुतेक कागद अजून रुमालांतच, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांतच आहेत. त्यामुळे खंडांत नाव सापडले नाही, एवढ्यावरून कागद नाहीत असे कृपया मानू नये. दफ्तराची विभागणी रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची नोंद), घडणी (त्यावरून लावलेली खातेवार नोंद), प्रांत अजमास (प्रांतांच्या महसुलाचे हिशेब), चिटणिशी (पत्रव्यवहार) अशी आहे. आपल्या कामासाठी पुणे प्रांताचे अजमास आणि घडणीचे रुमाल आधी पाहावेत. पुरंदर तालुका ही पुढच्या काळातील विभागणी असल्याने मागणीपत्रात गावाबरोबर त्याची जुनी तरफ किंवा कर्यात (त्या काळचे प्रांताचे पोटविभाग) अवश्य लिहावी.

प्रतिसाद २

स्कॅन म्हणजे पानाचे छायाचित्र. जुन्या छपाईतील जोडाक्षरे यंत्राला नीट वाचता आली नाहीत, तर पानावर असलेला शब्दही शोधात येत नाही. म्हणून गावाच्या नावाची पहिली दोन-तीन अक्षरेच टाकून पाहावीत. मला अधिक खंत वाटते ती नोंदींची. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या जुन्या प्रकल्पात अनेक मराठी ग्रंथांची नावे रोमन लिपीत, तीही चुकीच्या अक्षरांनी नोंदवली गेली, आणि ग्रंथ उपलब्ध असूनही वाचकाला दिसेनासे झाले. रुमालांच्या बाबतीत असे होऊ नये, यासाठी प्रत्येक रुमालात कोणत्या गावांचे आणि कोणत्या वर्षांचे कागद आहेत, याची देवनागरी यादी छायाचित्रांच्या आधी तयार व्हावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. हे कागद ज्या मोडी लिपीत आहेत, तिला २०१४ मध्ये युनिकोड या संगणकीय अक्षरसंचात स्थान मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु घाईने लिहिलेले हस्ताक्षर लावायला आजही जाणकार माणूसच लागतो.

प्रतिसाद ३

वर्षाबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. कागदांवर बहुधा सुहूर सन, म्हणजे त्या काळी वापरात असलेल्या कालगणनेतले वर्ष, अरबी शब्दांत असतो. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७३; त्यात ५९९ मिळवले की इ.स. १७७२ येते, आणि हे वर्ष मृगाला सुरू होत असल्याने ते १७७३ च्या उन्हाळ्यापर्यंत चालते.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. मी आतापर्यंत तालुक्याचेच नाव टाकत होतो. आता आधी गावाची कर्यात निश्चित करतो आणि मगच अर्ज लिहितो. पुण्यात मोडी वाचून देणारे कोणी जाणकार असतील, तर त्यांच्याशी संपर्क कसा साधावा, हेही कळवावे.