गांजातले घटक: मळमळीवर औषध आहे, गाठीवर अजून नाही

‘टीएचसीने कर्करोगाच्या पेशी मरतात, मग डॉक्टर ते देत का नाहीत?’ या प्रश्नाबद्दल थोडं सांगतो. टीएचसी म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक.

पेशी मरतात हे खरं आहे, पण प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत. तिथे कितीतरी पदार्थ पेशी मारतात. माणसांवरचा पुरावा फार तोकडा आहे. स्पेनमध्ये 2006 साली ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा एक आक्रमक कर्करोग) उलटलेल्या 9 रुग्णांच्या गाठीत थेट टीएचसी सोडलं गेलं. ते सुरक्षित वाटलं, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. पुढे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशाच रुग्णांना टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधासोबत टीएचसी आणि सीबीडी (गांजातलाच, पण नशा न आणणारा घटक) यांचा तोंडात मारायचा फवारा दिला, तेव्हा वर्षभरानंतर 83 टक्के रुग्ण हयात होते. नुसत्या टेमोझोलोमाइडवर 44 टक्के. आकडे आशादायक आहेत खरे, पण तुलना झाली ती अवघ्या 21 जणांमध्ये!

केमोच्या मळमळीचं मात्र वेगळं. ड्रोनाबिनॉल (कृत्रिमरीत्या बनवलेलं टीएचसी) आणि नॅबिलोन (टीएचसीसारखंच औषध) यांना अमेरिकेत 1985 मध्येच त्यासाठी मान्यता मिळाली.

आणि कळकळीने सांगतो, सीबीडी तेल डॉक्टरांपासून लपवून घेऊ नका. यकृतातली जी एन्झाइम्स कर्करोगाची अनेक औषधं पचवतात, त्यांनाच ते अडवतं. मग औषध रक्तात साठत जातं. चालू उपचार सोडून नुसत्या तेलावर राहणं तर कृपा करून नकोच.